आत्याचे दूध

रकाना १. अर्जदाराचे नाव व पत्ता

परवान्याचे पाकीट आले तेव्हा बाइंडर घरीच होता, पण पाकीट पडले त्याच्या आत्याच्या हातात. घर आत्याचे, दार आत्याचे, त्यामुळे पोस्टमनही दुसऱ्या कुणाच्या हातात काही देत नसे. आत्याने एकतीस वर्षे एका कचेरीत आवक-जावक सांभाळली होती. पाकीट आधी उजेडात धरायचे, मग कडेने सुरी फिरवायची आणि आतला कागद मोठ्याने वाचायचा, ही तिची रीत.

“‘गाय व म्हैस यांखेरीज अन्य प्राण्याचे दूध मानवी सेवनासाठी विकण्याचा परवाना,’” तिने वाचले.

बाइंडरच्या बायकोने शेगडी बारीक केली. या कागदाची दोघे आठ महिने वाट पाहत होते. तोवर दूध काढायचे आणि शिंगरांनाच परत पाजायचे, एवढाच उद्योग चालला होता. शिंगरे गुटगुटीत झाली होती, धंदा मात्र उभा राहिला नव्हता.

“अर्जदार, बरोबर. पत्ता, बरोबर. पदार्थाचे नाव…” आत्या थांबली. चष्मा कपाळावर सरकवला, परत नाकावर आणला.

“‘आत्याचे दूध,’” तिने वाचले.

बायकोने शेगडी बंदच केली.

रकाना ६. प्राण्याचे नाव (पूर्ण व खरे)

मागच्या अंगणात चार गाढविणी होत्या. एक वीटभट्टी बंद पडली तेव्हा बाइंडरच्या बायकोने त्या चौघींना आणले होते. अंगण आत्याचे. तिने ते एका अटीवर दिले, की जनावरे पुढच्या बाजूला दिसता कामा नयेत. स्वतः ती मागे कधी फिरकली नाही; वासाने डोके धरते म्हणायची. त्यामुळे चौघींतल्या सगळ्यात मोठीचे नाव ‘थोरली’ आहे असे तिला वाटत असे, आणि आत्याच्या कानावर जाईल इतक्या अंतरात ते तसेच असे. त्यापलीकडे थोरलीला सगळे ‘आत्या’ म्हणत. सगळे म्हणजे दोघेच. सुरुवात कुणी केली यावर दोघांचे एकमत नव्हते.

अर्ज भरायला बाइंडर बसला. अक्षर त्याचे चांगले. पहिले पाच रकाने सुरळीत गेले. सहाव्याखाली बारीक ठशात छापले होते : खोटी माहिती दिल्यास दंड, कारावास किंवा दोन्ही.

दुसरा कुणी तिथे ‘गाढवीण’ असे लिहून चहा प्यायला गेला असता. पण बाइंडरचा छापील मजकुरावर फार विश्वास. आयुष्य पुस्तके शिवण्यात गेलेले. छापलेय म्हणजे कुणीतरी विचार करून छापलेय, असे तो धरून चाले. नाव विचारलेय, तेही पूर्ण आणि खरे. त्याने ‘थोरली’ लिहायला पेन टेकवले आणि उचलले. ते खरे नाव नव्हे. ते तर फसवायचे नाव. चौकोनात नाव एकाच जनावराचे मावत होते, तेव्हा जी सगळ्यात जास्त दूध देते तिचे घालू असे ठरवून त्याने लिहिले : आत्या.

बायकोने सही केली तेव्हा तिच्या दुसऱ्या हातात शिंगराचा दोर होता आणि शिंगराला दुसरीकडे जायचे होते. तिने काही वाचले नाही. कचेरीतल्या कारकुनाने वाचले असेल, पण त्याचे काम रकान्यातल्या शब्दापुढे ‘चे दूध’ जोडण्याचे होते, ते त्याने केले.

रकाना ६, पुढे चालू

“ही आत्या कोण?” आत्याने विचारले.

“तूच,” बाइंडर म्हणाला.

एक मिनिट मिळाले असते तर त्याला दुसरे काही सुचले असते. मिळाले नाही. “तुझ्याच नावानं काढलंय. आधी सांगितलं नाही… म्हटलं, कागद हातात आला की कळेलच तुला.”

बायकोने त्याच्याकडे असे पाहिले, की उरलेले वाक्य त्याने गिळले.

आत्या मात्र खुर्चीवर बसली. मग हळू आवाजात सांगू लागली, की कचेरीत एकतीस वर्षांत तिच्या नावाचे एक कपाटसुद्धा नव्हते, कपाटांना नंबर होते. निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळाले, पण त्यावर नाव कोरले होते भलत्याच बाईचे. तिने ते तसेच भिंतीवर लावले, कारण वेळ बरोबर दाखवत होते. सांगता सांगता तिने रुमाल काढला. बाइंडरने आत्याला आजवर रुमाल फक्त धूळ पुसायला काढताना पाहिले होते.

दोघे नवरा-बायको मागच्या अंगणात भेटले. खरे सांगून टाकू, असे बायकोचे म्हणणे. सांगू, पण कसे, असे बाइंडरचे. एवढ्यात घरातून आत्याचा फोनवरचा आवाज ऐकू आला. ती आपल्या धाकट्या बहिणीला हिज्जे करून सांगत होती : “आत्याचे. ‘त’ला ‘य’ जोडून.”

मग कुणी काही सांगितले नाही.

जोडपत्र ‘ब’. वेष्टनाविषयी सूचना

सूचना ३ : नुसता ‘दूध’ हा शब्द वापरू नये. परवान्यातले पूर्ण नाव घालावे व त्यातली सगळी अक्षरे एकाच उंचीची असावीत.

सूचना ४ : ‘शुद्ध’, ‘गुणकारी’, ‘बुद्धिवर्धक’ असे काही म्हणू नये.

सूचना ५ : चित्र टाकायचे असल्यास परवान्यात ज्याचे नाव आहे त्याचेच टाकावे, इतर कुणाचे नाही.

या सूचना घरात एकट्या आत्याने शेवटपर्यंत वाचल्या. पाचवी दोनदा वाचली.

“म्हणजे फोटो माझाच लागणार,” ती म्हणाली.

बायकोने सुचवून पाहिले, की चित्राची सक्ती नाही. आत्याचे म्हणणे पडले, की सोय दिलीय तर वापरावी. दुसऱ्याच दिवशी तिने केस धुऊन फोटो काढून घेतला. फोटोत ती हसत होती. बाइंडरच्या ओळखीचा छापखानेवाला होता. फोटो जरा लहान घे, असे बायकोने त्याला बाजूला घेऊन सांगितले, आणि मोठा घे, असे आत्याने समोर उभे राहून सांगितले. छापखानेवाल्याने समोर असलेल्या माणसाचे ऐकले.

गिऱ्हाईक ठरलेले होते. दोन गल्ल्या सोडून एक आइस्क्रीमवाली होती. तिला नवीन काहीतरी करायचे होते. गुरुवारी बारा बाटल्या द्या, लोकांना आवडले तर रोजचे सगळे दूध मीच घेईन, असा तिचा शब्द होता. फक्त एक, लेबल परवान्याशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजे. मागे एकदा पिस्त्याच्या जागी हिरवा रंग सापडल्यापासून ती कायद्याला फार मानू लागली होती.

गुरुवारी सकाळी बारा बाटल्या तिच्या काचेच्या फ्रिजात ओळीने उभ्या राहिल्या. बारा बाटल्यांवर बारा आत्या हसत होत्या. खाली छापले होते :

आत्याचे दूध
तापवून थंड केलेले
मानवी सेवनास योग्य

रकाना ९. तक्रार असल्यास

दुपारपर्यंत तीन जणांनी फ्रिजापुढे उभे राहून ते वाचले. त्यातल्या एका निवृत्त गणित मास्तरांनी चौकशी केली, की ह्या बाई कोण. आइस्क्रीमवालीने सांगितले, दूधवालीच्या आत्या. मास्तरांनी विचारले, आणि दूध? लेबलावर लिहिलेय तेच, असे ती म्हणाली. लेबलाबाहेर एक अक्षर बोलायचे नाही, हा तिने स्वतःला घालून घेतलेला नियम होता.

मास्तर आइस्क्रीम न खाता घरी गेले आणि त्यांनी तक्रार लिहिली. मुद्देसूद होती. तिसरा मुद्दा असा : “सदर महिलेचे वय पाहता हे दूध ताजे असण्याचीही शक्यता दिसत नाही.”

रकाना १०. तपासणी

शुक्रवारी सकाळी निरीक्षक आले. खांद्याला पिशवी, पिशवीत आइस्क्रीमवालीकडून उचललेली एक बाटली, थर्मामीटर, सील करायची लाख आणि नियमांचे जाडजूड पुस्तक. पुस्तकाची शिवण सुटली होती. ते उघडले की मधली पाने पुढे यायची. बाइंडरची नजर त्यावरून हलेना. नुसते पाहत बसला तर आपण गुन्हेगार दिसू, असे वाटून त्याने सुई-दोरा आणला आणि पुस्तक शिवायला घेतले.

निरीक्षकांनी शांतपणे सांगितले, की बाईमाणसाच्या दुधाची विक्री कायद्याने बंद आहे, त्याला परवाना नसतोच. बाटलीवरचे जर खरे असेल तर हा परवाना आजच्या आज रद्द, आणि वर्षभर नवा अर्ज करता येणार नाही.

बायको खाली बसली. चार गाढविणी आणि तीन शिंगरे वर्षभर नुसती पोसणे त्यांच्याच्याने होण्यासारखे नव्हते. दुसरी एक वीटभट्टी जनावरे विचारतच होती. मग त्या चौघी परत विटा वाहणार. थोरलीच्या पाठीवरचे जुने वळ आत्ता कुठे केसांनी झाकले होते.

“ही आत्या कोण?” निरीक्षकांनी विचारले.

पुढच्या खोलीतून आत्या आली. फोटोतलीच साडी नेसली होती. “मीच.”

निरीक्षकांनी बाटली तिच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिली. “फोटो आपलाच दिसतो. मग हे दूध…”

“गाढविणीचं,” आत्या म्हणाली. “एवढं कळत नाही होय? नाव तेवढं माझं दिलंय. मानानं.”

“तसं असेल तर प्रश्न नाही,” निरीक्षक म्हणाले आणि पिशवीतून मूळ अर्ज काढला. बाइंडरने सुई बोटात टोचून घेतली. “पण इथं रकाना सहा बघा. ‘प्राण्याचे नाव, पूर्ण व खरे.’ आणि पुढं लिहिलंय, ‘आत्या.’ आता एकतर हा अर्ज खोटा, नाहीतर…” त्यांनी आत्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिले आणि वाक्य तिथेच सोडले.

आत्याने अर्ज हातात घेतला. परवान्यावर ‘पदार्थाचे नाव’ होते. ‘प्राण्याचे नाव’ ती पहिल्यांदा वाचत होती. अक्षर भाच्याचे होते, वळणदार. तिने अर्ज परत दिला.

बाइंडर म्हणाला, की अर्ज खोटा आहे, सगळी चूक त्याची. त्याला वाटले, दंड भरून हे मिटेल आणि आत्याला निदान बाकीचे कळायचे नाही. पण बायको उठून उभी राहिली.

“अर्ज खरा आहे,” ती म्हणाली. “या मागं.”

रकाना १०-अ. ओळख पटविणे

सगळे मागच्या अंगणात गेले. आत्याही गेली, नाकाला रुमाल न लावता. चारही गाढविणी भिंतीच्या सावलीत उभ्या होत्या.

निरीक्षकांनी सांगितले, की नावाने हाक मारा. जे जनावर ओ देईल त्याची नोंद करू.

“आत्या,” बायकोने हाक मारली.

दोन माना वळल्या. निरीक्षकांनी तसे लिहून घेतले आणि म्हणाले, याने काही सिद्ध होत नाही, रोज जसे बोलता तसे बोला.

हे अवघड होते. घरातल्या आत्याशी बायको लग्नापासून ‘अहो आत्या’ करून बोलायची. या का, बसा ना, घेता का, राहू द्या. मागच्या अंगणात आली की मात्र तिची जीभ सैल सुटायची. आता एक आत्या डावीकडे उभी, एक समोर, आणि मध्ये पेन उघडे धरलेला सरकारी माणूस. पण तिला विटांनी भरलेली ती पाठ आठवली. तिने डोळे मिटून घेतले.

“ये गं माझी शहाणी,” ती म्हणाली. “पाय दुखतोय का? कालपासून नीट टेकत नाहीयेस, मी बघत्ये. ये, हळू ये. कुणी घाई करत नाही तुला.”

‘पाय दुखतोय का’ म्हटल्यावर डावीकडच्या आत्याने एक पाऊल पुढे टाकले. मग तिच्या लक्षात आले, आणि ते पाऊल तिथेच राहिले.

थोरली लंगडत आली, बायकोच्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि असा काही सूर लावला, की निरीक्षकांचे पेन घसरले. “नावास प्रतिसाद देते,” त्यांनी लिहिले.

आत्याने भाच्याकडे वळून एकच शब्द विचारला. “का?”

बाइंडरला खोटे बोलायचा कंटाळा आला होता. “काही पुढं ठेवलं की ती आधी हुंगते,” तो म्हणाला. “मग नाक मुरडते. मग सगळं संपवते.”

“आणि?”

“आणि ती पुढं असली की बाकीच्या तिघी फाटकाला भीत नाहीत.”

आत्या थोरलीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. थोरलीने आत्याची साडी हुंगली आणि नाक मुरडले.

नमुना ‘ड’. परवान्यातील दुरुस्ती

निरीक्षकांनी निकाल दिला. अर्ज खरा, पण नाव लोकांची दिशाभूल करणारे. आजच्या आज दुरुस्ती झाली तर परवाना राहील. मात्र दुरुस्ती म्हणजे काय ते नियमात ठरलेले होते : शब्द घालता येतो, व्याकरण सुधारता येते, शब्द काढता येत नाही. काढायचा तर अर्ज नवा, म्हणजे आणखी आठ महिने.

“फॉर्म आणलाय?” आत्याने विचारले. त्या आवाजात एकतीस वर्षे होती. निरीक्षकांनी मुकाट्याने काढून दिला.

ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. ‘आत्या’ हा शब्द राहणार, ‘गाढवीण’ हा घालायचा; प्रश्न फक्त कुठे. बाइंडरने सुचवले, “आत्या गाढविणीचे दूध.” आत्याने मान वर केली. तो पाणी आणायला गेला. बायकोने सुचवले, की कंसात घालावे. “कंस नको,” आत्या म्हणाली, “कंसात घातलेलं लोक हमखास वाचतात.”

मग तिने ‘आत्याचे’मधला ‘चे’ खोडून ‘च्या’ केला. हे व्याकरण. त्यापुढे एक शब्द घातला. ही भर. आणि मोठ्याने वाचले, “‘आत्याच्या गाढविणीचे दूध.’”

निरीक्षकांनी नियम चाळले. पाने आता सुटत नव्हती. हरकत सापडली नाही.

“पण असं म्हटलं,” बाइंडर पाण्याचा पेला घेऊन दारातच थांबला, “म्हणजे गाढवीण तुझी झाली की.”

“घर माझं, अंगण माझं, नाव माझं,” आत्या म्हणाली. “गाढवीणच तेवढी राहिली होती.”

निरीक्षकांनी घसा साफ केला. मागे तर चार जनावरे दिसली आणि परवाना एकाच गाढविणीचा होतो, हे आता त्यांच्या ध्यानात आले होते. आत्याने पेन उचलले आणि ‘णी’च्या डोक्यावर एक टिंब दिले. गाढविणींचे. एका टिंबात तिघी येऊन बसल्या. निरीक्षकांनी पुस्तक पुन्हा पुढून मागे आणि मागून पुढे पाहिले.

“टिंबाबद्दल काही नाही,” ते शेवटी म्हणाले. फक्त फोटोचे सांगितले. आता नावात आत्याही आहे आणि गाढवीणही, तेव्हा चित्रातही दोघी हव्यात, आणि अक्षरांसारखीच दोघींची उंची सारखी पाहिजे.

‘दुरुस्तीचे कारण’ म्हणून मोठा चौकोन होता, सहा ओळींचा. आत्याने त्यात तीन शब्द लिहिले : नाते स्पष्ट करणे.

निरीक्षकांनी शिक्का मारला, चहा घेतला, पुस्तकाची नवी शिवण बोटाने चाचपून पाहिली आणि गेले. जाताना ती बाटली नमुना म्हणून नेली. बायकोने आइस्क्रीमवालीला फोन केला तेव्हा ती म्हणाली, बाकीच्या अकरा संपल्यात, मास्तरांची तक्रार गल्लीभर झाल्यापासून लोक रांग लावून विचारतायत. उद्या चोवीस द्या, पण लेबल बघून घेईन.

फक्त कार्यालयीन वापरासाठी. येथे काही लिहू नये.

बाइंडर छापखान्यात गेला. घरात दोघीच राहिल्या. बायको ओटा पुसत होती. पुसून झालेला होता, तरी पुसत होती. आत्या टेबलाशीच बसून होती.

“तिला तू म्हणतेस,” आत्या म्हणाली.

बायकोचा हात थांबला. “चुकलंच माझं. तुम्ही मोठ्या, आणि मी तुमचं नाव घेऊन…”

“नावाचं नाही म्हणत मी.” आत्याने पेनाचे टोपण लावले, काढले, लावले. “तिला तू म्हणतेस, मला अहो.”

“तुम्ही मोठ्या आहात ना.”

“तीही थोरलीच आहे.”

बायको फडके पिळू लागली. अंगणात शिंगरे एकमेकांना ढुशा देत होती.

“गुडघा माझाही दुखतो,” आत्या खिडकीकडे पाहत म्हणाली. “डावा. नऊ वर्षं झाली.”

बायकोने फडके खाली ठेवले. हात पदराला पुसले. तोंड उघडले, पण इतक्या वर्षांची सवय आडवी आली. ‘दुखतोय का तुमचा’ असे काहीतरी जिभेवर आले ते तिने मागे ढकलले. दुसऱ्या खेपेला जमले.

“पाय दुखतोय का गं, आत्या?”

आधी उत्तर आले ते अंगणातून. लांबलचक, चढत जाणारे, शेवटी हुंदका घेतल्यासारखे थांबणारे.

आत्याने खुर्ची वळवली आणि खिडकीतून डोके बाहेर काढले.

“तुला नाही,” ती म्हणाली. “मला विचारलंय.”